थापी कोणाच्या हातात?

बांधकामावर बाईला वरचं काम का मिळत नाही, असं विचारलं की ठेकेदार, मुकादम आणि कंपनीतले साहेब एकाच सुरात सांगतात: हे अंगमेहनतीचं काम आहे, बाईला झेपत नाही. हे उत्तर इतक्या सहज स्वीकारलं जातं, की ते खरं आहे का हे कोणी पाहतच नाही.

भिंत चढत असताना कोणत्याही साइटवर थोडा वेळ उभं राहावं. बाई वाळू चाळते, माल कालवते, भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन परांचीच्या फळीवरून वर चढते. विटा भिजवते तीच, वर देते तीच, संध्याकाळी भिंतीवर पाणी मारते तीही तीच. गवंडी एका जागी उभा असतो. हातात थापी, जवळ ओळंबा, गुण्या आणि दोरी. माल पसरायचा, वीट बसवायची, हलकेच ठोकून दोरीला आणायची. या कामाला नजर लागते, हात बसावा लागतो. त्याचं मोल मी कमी करत नाही. पण दिवसभरात जास्त वजन कोण उचलतं, याबद्दल शंकेला जागा नाही. जिथे ताकद लागते तिथे बाई चालते आणि जिथे कसब लागतं तिथे ती नाजूक ठरते, हा युक्तिवाद स्वतःच्याच पायावर उभा राहत नाही. वर, बिगारीच्या कामातही बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी. समान वेतनाचा कायदा तर १९७६ मध्येच झाला.

दुसरा आक्षेप असा, की बायकांना शिकायचंच नसतं. गवंडी तयार कसा होतो ते आधी पाहू. बहुतेक गवंडी शाळेत शिकलेले नसतात. पोरगा मामाच्या किंवा गाववाल्याच्या हाताखाली बिगारी म्हणून येतो. जेवणाच्या सुट्टीत थापी हातात घेतो. प्लास्टरखाली झाकून जाईल अशा जागी मामा त्याला दोन थर लावू देतो, चुकला तर शिव्या देतो आणि पुन्हा लावायला सांगतो. असं करत तो गवंडी होतो. बाई त्याच गवंड्याच्या शेजारी पंधरा-पंधरा वर्षं उभी असते. माल घट्ट झाला की पातळ, हे ती लांबून ओळखते. तिच्या हातात थापी कोणी देत नाही एवढंच. शिवाय पुष्कळ ठिकाणी उचल घेतली जाते ती जोडीवर, नवऱ्याच्या नावाने. बायकोची हजेरी त्याच्याच खात्यात जाते. जिचं हजेरीवर स्वतंत्र नावच नाही, तिला बढती द्यायची कशावर? अशा स्थितीत ‘इच्छा नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे.

मग कर्तबगार बायकांची नावं घेतली की उत्तर येतं, ते अपवाद. शकुंतला भगत यांनी १९५३ मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून स्थापत्यशास्त्राची पदवी घेतली, आयआयटी मुंबईत शिकवलं आणि पती अनिरुद्ध यांच्यासह सुट्या भागांतून पूल जुळवण्याची ‘क्वाड्रिकॉन’ पद्धत घडवली. त्या पद्धतीचा पहिला पूल १९७२ मध्ये हिमाचलातल्या स्पितीत उभा राहिला. त्याआधीच, १९७१ मध्ये, केरळात पी. के. थ्रेसिया सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या होत्या. भगत असामान्य होत्या, हे मान्य. पण त्यांचे वडील एस. बी. जोशी हे पूलबांधणीतले नामवंत अभियंता होते, हेही विसरू नये. ज्या विद्येच्या दारात इतर मुलींना उभंही केलं जात नव्हतं, ती त्यांच्या घरात होती. गवंड्याच्या भाच्याला जे मिळतं, तेच त्यांना मिळालं. जाणत्याच्या शेजारी उभं राहून हात चालवण्याची मुभा मिळाली की माणूस घडतो. अपवाद त्या मुभेचा होता.

पदवीधर मुलींच्या बाबतीत ही मुभा काळजीच्या नावाखाली काढून घेतली जाते. ‘साइट नको, प्लॅनिंगला बस. रात्री स्लॅब असतो, लेबर कसं वागेल सांगता येत नाही.’ बोलणाऱ्याचा हेतू चांगलाही असेल. परिणाम मात्र ठरलेला: सहा-सात वर्षांनी प्रोजेक्ट मॅनेजरची जागा निघते तेव्हा तिला ऐकवलं जातं, साइटचा अनुभव नाही. ज्या साइटवर अभियंता मुलीने रात्री थांबू नये असं वाटतं, तिथल्याच पत्र्याच्या खोल्यांत मजूर बायका रात्रंदिवस राहतात, आडोशाला आंघोळ करतात. त्यांच्या सुरक्षिततेचा विचार त्या वेळी कोणाच्या मनात येत नाही. साइट असुरक्षित असेल तर दिवे लावा, कडीचं दार असलेलं शौचालय बांधा, रात्री घरी सोडायला गाडी ठेवा. बाईला हटवून साइट सुरक्षित होत नाही.

मुलांचा प्रश्न मात्र खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने ५० हून अधिक स्त्री-कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची सोय बंधनकारक केली होती. पण बायका वेगवेगळ्या पोटठेकेदारांच्या वहीत विखुरलेल्या, आणि जोडीतली बायको वहीत नाहीच. मग ५० भरणार कधी? ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था १९६९ पासून दिल्लीत बांधकामांवर पाळणाघरं चालवत आली आहे. साइटवर पाळणाघर चालू शकतं, हे तेव्हाच सिद्ध झालं.

आणि बाईच्या हाती थापी दिली तर काय होतं? झारखंडमध्ये स्वच्छ भारत अभियानात शौचालयं बांधायला मिस्त्री अपुरे पडले, तेव्हा गावच्या बायकांना प्रशिक्षण दिलं गेलं. त्यांना ‘रानी मिस्त्री’ म्हणतात. त्यांनी बांधलेली शौचालयं गावोगाव उभी आहेत.

असं प्रशिक्षण द्यायला महाराष्ट्रात पैशाची सबब चालणार नाही. बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर याच कामगारांच्या नावाने जमा होतो. त्यातून बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाने कामगारांना गृहोपयोगी भांड्यांचे संच वाटले. ती भांडी घरात उपयोगी पडतात, पण त्यांनी रोज वाढत नाही. बिगारी बाई शिकायला बसली की तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. घरची चूल त्या रोजावरच पेटते, म्हणून ती बसत नाही. तीन महिने तो रोज उपकरातून द्या, शिकवणाऱ्या गवंड्यालाही मानधन द्या. जोडी असली तरी दोघांची हजेरी वेगळी लावा आणि बाईचे पैसे बाईच्या खात्यात टाका. शाळा, घरकुलं, रस्ते यांचं सर्वात मोठं गिऱ्हाईक सरकारच आहे. गवंडीकामावर शिकाऊ बायका किती आणि साइटवर अभियंता मुली किती, हे निविदेतच लिहून घ्यावं आणि ते आकडे भरल्याशिवाय बिल काढू नये.