शहागडच्या विहिरीत कोण डोकावणार?

खडकातून पाणी काढण्याचे जे तंत्र देशभर गेले, त्यातील हातपंपाचा एक पूर्वज ‘जालना पंप’ या नावानेच ओळखला जातो. १९६०च्या दशकात जालन्याच्या मिशनने तो घडविला. त्यातून सोलापूर पंप आणि पुढे ‘इंडिया मार्क टू’ निघाला. उघड्या पाण्यात जंतू असतात, खोल खडकातले पाणी निर्मळ असते, हा त्यामागील विश्वास होता. पटकी-हगवणीपुरता तो खराही ठरला. परंतु धातूंच्या विषाला हा नियम लागू नाही, हे बंगालच्या कूपनलिकांनी दाखवून दिले. जंतूंपासून वाचलेल्यांच्या तळहातांवर तेथे आर्सेनिकचे चट्टे उठले.

शहागड गोदाकाठी, नाथसागराच्या खालच्या अंगाला आहे. छत्रपती संभाजीनगरचे सांडपाणी वाहून आणणारी खाम नदी नाथसागरालाच मिळते. मुलामा देणाऱ्या कारखान्यांतून क्रोमियम व निकेल बाहेर पडते, जुन्या बॅटऱ्या व भंगार वितळविणाऱ्या भट्ट्यांतून शिसे. शेतातल्या स्फुरद खतातही कॅडमियमचा अंश असतो. हे धातू कुजत नाहीत. काळ्या पाषाणाच्या ज्या भेगांतून विहिरीला झरे लागतात, त्याच भेगा त्यांची वाट होते. आणि ज्या वाळूतून पाणी गाळून निघावयाचे, ती रातोरात कोठे जाते हे शहागडकरांना आम्ही सांगावयास नको.

म्हणून शहागडचे पाणी विषारी आहे, असा डांगोरा आम्ही पिटत नाही. ते पाहतो कोण, एवढाच आमचा प्रश्न आहे. जलजीवन मिशनने गावोगावच्या पाच-पाच महिलांना पाणी तपासण्याची पेटी दिली. तिच्यात कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराईड, लोह कळते. शिसे व कॅडमियम कळत नाही. भारतीय मानकानुसार लिटरमागे शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमची ०.००३, इतके सूक्ष्म प्रमाण मोठ्या प्रयोगशाळेतच सापडते. लोहाचे पाणी निदान तांबडे होऊन सावध करते. शिशाच्या पाण्याला रंग नाही, चव नाही. पाणी उकळून प्या, हा सद्हेतूचा सल्लाही येथे निरुपयोगी, कारण पाणी आटते आणि धातू तेवढाच राहतो.

शिसे हाडांत कॅल्शियमच्या जागी साठते, गरोदरपणी तेथून सुटून गर्भापर्यंत पोहोचते आणि मुलाची बुद्धी खुंटविते. शाळा त्या पोराला मठ्ठ म्हणून मोकळी होते. कॅडमियम मूत्रपिंडे निकामी करते. जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नदीने खाणीतले कॅडमियम भातशेतीत नेले आणि प्रौढ स्त्रियांची हाडे नुसत्या खोकल्याने मोडू लागली. त्या रोगाचे नावच ‘दुखते, दुखते’ असे पडले. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ साली. १९७१ मध्ये न्यायालयाने मित्सुई कंपनीला जबाबदार धरले. परंतु शेतकरी तेवढ्यावर थांबले नाहीत. केव्हाही खाणीत शिरून, आपले तज्ज्ञ बरोबर नेऊन, कंपनीच्या खर्चाने पाहणी करण्याचा हक्क त्यांनी १९७२ साली लेखी मिळविला आणि दरवर्षी बजावला.

आपल्याकडे राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासविल्या. प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले. कारखानदारांनी २०११ पर्यंत न्यायालय झुंजविले. १९७४चा जलप्रदूषण कायदा आहेच. त्यातील अनेक गुन्ह्यांची कैद २०२४च्या दुरुस्तीने काढून तेथे दंड आणला गेला. दंड म्हणजे बड्या कारखान्याच्या हिशेबातला आणखी एक खर्च!

न्यायालयाची वाट पाहण्यापूर्वी ग्रामसभा आपल्या हाती आहे. अंबड तालुक्यातील साथींनी काठावरच्या गावांतून ठराव करून घ्यावेत. पिण्याच्या प्रत्येक विहिरीची व पंपाची धातूंसाठी तपासणी पावसाळ्यापूर्वी व नंतर शासनाच्या खर्चाने व्हावी, आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत आणि वरच्या अंगाच्या कारखान्यांचे सांडपाणी पाहण्यास गावकऱ्यांना मज्जाव नसावा. पाण्याचा नमुना भरताना पेटीवाल्या त्या पाच भगिनी तेथे हजर असल्याच पाहिजेत.