सही खाली, प्रोत्साहन वर

मे महिना संपत आला की गंगापूर, फुलंब्री, कन्नड या भागातल्या कुठल्याही बँक शाखेत सकाळी दहालाच पाय ठेवायला जागा नसते. पीक कर्जाचे ‘नवे-जुने’ करण्याचे, म्हणजे जुने फेडून नवे उचलण्याचे दिवस. कुणाच्या हातात सातबारा आणि आठ-अ, कुणी अजून सोसायटीच्या बेबाकी दाखल्यासाठी फेऱ्या मारतोय, कुणाच्या वाटणीचा फेरफार झालेला नाही म्हणून फाइल अडलेली. प्रत्येक फाइल शेवटी एका टेबलावर येते आणि तिथे एक सही होते. ती सही करणारा अधिकारी श्रेणीने बहुधा स्केल टूचा (मॅनेजर), फार तर स्केल थ्रीचा (सीनियर मॅनेजर). वय चाळीस-पंचेचाळीस. घर छत्रपती संभाजीनगरात, सिडकोत नाहीतर बीड बायपासला. नोकरी तीस ते साठ किलोमीटरवर. माझ्या ओळखीतला असा एक अधिकारी सकाळी सातच्या बसने निघतो आणि रात्री साडेआठला घरी येतो. मराठवाड्यातली बँक ही माणसे चालवतात.

सरकारी बँकांत प्रोत्साहनाच्या रकमेवरून जी रेघ ओढली गेली आहे, ती नेमकी या माणसाच्या डोक्यावरून गेली आहे. नोव्हेंबर २०२० च्या वेतन करारात पहिल्यांदा ‘परफॉर्मन्स लिंक्ड इन्सेन्टिव्ह’, बँकवाल्यांच्या बोलीत पीएलआय, आला. हिशेब सरळ होता. बँकेचा ऑपरेटिंग प्रॉफिट ५ ते १० टक्के वाढला तर ५ दिवसांचा पगार, १० ते १५ टक्के वाढला तर १० दिवसांचा, त्याहून जास्त वाढला तर १५ दिवसांचा. शिपायापासून जनरल मॅनेजरपर्यंत दिवस सारखे. रक्कम ज्याच्या-त्याच्या बेसिक आणि महागाई भत्त्याप्रमाणे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाने स्केल फोर आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी वाढीव प्रोत्साहनाची वेगळी योजना लागू केली. संघटनांनी विरोध केला, २४ आणि २५ मार्च २०२५ च्या देशव्यापी संपाच्या मागण्यांत हा मुद्दाही होता. बोलणी झाली आणि संप पुढे ढकलला गेला. मुद्दा आहे तिथेच आहे.

संघटनांचे म्हणणे असे की करारात ठरलेली गोष्ट करार बाजूला ठेवून बदलली. ते बरोबरच आहे. पण मला त्याहून मोठा अन्याय दिसतो तो जबाबदारीचा. कर्ज बुडाले की ‘स्टाफ अकाउंटेबिलिटी’ तपासतात. तेव्हा फाइल उघडली जाते आणि त्यावर कोणाची सही आहे हे पाहिले जाते. ती सही स्केल वन, टू किंवा थ्रीची असते. दोन बदल्या होऊन गेलेल्या असतात, शाखेतले चेहरे बदललेले असतात, आणि पाच वर्षांपूर्वीच्या कर्जाचे चार्जशीट नव्या गावात येऊन पडते. निवृत्तीला वर्ष उरले असताना असे पत्र येऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेले अधिकारी मी पाहिले आहेत. सही करायची खालच्याने, निस्तरायचेही त्यानेच, आणि वसुली चांगली झाली की वाढीव प्रोत्साहन वरच्या कार्यालयात. याला कामगिरीचे मोजमाप कसे म्हणायचे?

आता पगाराचे बघू, कारण ‘बँकेत लाखभर पगार आहे, यांना काय कमी’ हे वाक्य या शहरात कुठल्याही लग्नात ऐकू येते. ८ मार्च २०२४ च्या करारात १७ टक्के वाढ मिळाली, १ नोव्हेंबर २०२२ पासून. नव्या अधिकाऱ्याची बेसिक ४८,४८० रुपयांपासून सुरू होते. स्केल टू ६४,८२० पासून, स्केल थ्री ८५,९२० पासून. हा ८५,९२० चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्केल वन तिथेच संपतो. स्केल टूमध्ये सुरुवातीपासून आठ वाढी घेतलेला माणूस त्याच आकड्यावर पोचतो. आणि स्केल थ्रीची सुरुवातही तीच. म्हणजे बऱ्याच वर्षांनी मॅनेजरचा सीनियर मॅनेजर होणाऱ्याच्या हातात पडते ती एखाद-दुसरी वाढ, २,६८० रुपयांच्या घरातली. बदली मात्र पूर्ण पडते. मुलगी दहावीला, आई-वडील पंच्याहत्तरीला, आणि पोस्टिंग दुसऱ्या राज्यात. प्रमोशनची परीक्षा न देणारे आळशी असतात असे वरचे साहेब म्हणतात. मला ते घर सांभाळणारे वाटतात. करारानंतर दोनच महिन्यांनी, मे २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने बँकेकडून मिळणाऱ्या सवलतीच्या कर्जाचा लाभ करपात्र ठरवला, तीही झळ याच वयाच्या माणसाला, कारण गृहकर्ज त्याच्याच डोक्यावर असते. बोनस म्हणाल तर तो शब्द इथे वाळूज-चिकलठाण्याच्या कामगाराचा. बोनस कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पात्रतेची मर्यादा महिना २१,००० रुपये ठरली. अधिकारी त्यात कधीच बसत नाही.

जालना रोडवरच्या खासगी बँकांत चित्र वेगळे, दुखणे तेच. तिथे दहा-बारा माणसांच्या शाखेचा प्रमुख असिस्टंट व्हाइस प्रेसिडेंट असतो. पूर्वी स्टेट बँकेत शाखाप्रमुखाला नुसते ‘एजंट’ म्हणत, आणि त्या साध्या नावामागे कर्ज देण्या-नाकारण्याचा मोठा अधिकार असे. आज पाटी भारदस्त आहे, पण कर्जाचा निर्णय दुसऱ्या शहरातल्या सेलमध्ये होतो आणि शाखेच्या हाती उरते ते टार्गेट. विमा किती, म्युच्युअल फंड किती, क्रेडिट कार्डे किती. सरकारी बँकाही त्याच वाटेने निघाल्या आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्येच अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी बँकांना विम्याच्या चुकीच्या विक्रीबद्दल जाहीरपणे बजावले होते. ते शब्द खरे करायचे असतील तर विम्याचा आकडा बँक अधिकाऱ्याच्या प्रोत्साहनातून पूर्ण बाहेर काढावा लागेल. पीक कर्जासाठी आलेल्या म्हाताऱ्याला पॉलिसी गळ्यात मारताना त्या अधिकाऱ्यालाही बरे वाटत नसते.

प्रोत्साहन आणि जबाबदारी एकत्र बांधावी लागते, हे रिझर्व्ह बँकेला ठाऊक आहे. खासगी बँकांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांबाबत नोव्हेंबर २०१९ मध्ये तिने नियम केला की व्हेरिएबल पेचा किमान ६० टक्के भाग लगेच द्यायचा नाही, किमान तीन वर्षांवर पसरायचा, आणि घोटाळा निघाला तर परत घ्यायचा. कर्जाचे खरे रूप दिसायला वेळ लागतो, हे त्यामागचे कारण. तोच न्याय शाखेला लावावा. तीन वर्षांनी ज्या शाखेची कर्जे धड आहेत, तिथे तेव्हा काम केलेल्या सगळ्यांना, आता कुठेही असोत, सारख्या दिवसांचे प्रोत्साहन द्यावे.

या शहराने इथल्या ग्रामीण बँकेमुळे पगाराच्या बरोबरीचा प्रश्न जवळून पाहिला आहे. न्या. ओबुल रेड्डी यांच्या न्यायाधिकरणाने १९९० मध्ये ग्रामीण बँकांच्या कर्मचाऱ्यांना प्रायोजक बँकांच्या बरोबरीचा पगार दिला. पेन्शनच्या बरोबरीसाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालापर्यंत थांबावे लागले. काम तेच असेल तर मोल तेच, हे त्या माणसांनी तीन दशके भांडून मिळवले. तीच गोष्ट आता स्केल थ्री आणि स्केल फोरच्या मध्ये पुन्हा मांडावी लागते आहे.

चालू वेतन कराराची मुदत ३१ ऑक्टोबर २०२७ ला संपते. पुढच्या वाटाघाटीत बँकांच्या बाजूने बोलणाऱ्या इंडियन बँक्स असोसिएशनने पगारवाढीच्या टक्क्यांआधी ही रेघ पुसण्याचा विषय घ्यावा, आणि स्केल टू-थ्रीच्या प्रमोशनला मुलाच्या दहावी-बारावीपुरती तरी दोन वर्षे जिल्ह्याजवळच्या पोस्टिंगची जोड द्यावी. माझ्या त्या परिचिताने यंदाही प्रमोशनचा अर्ज भरला नाही. त्याच्या टेबलावर सध्या नवे-जुनेच्या फायलींचा ढीग आहे, आणि संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉन्फरन्स.