पाना कुणाचा?

गेल्या महिन्यात कर्वेनगरमध्ये आमच्या मागच्या सोसायटीतल्या एका काकांनी मला घरी चहाला बोलावले. काका निवृत्त इंजिनिअर आहेत. जुन्या गॅरेजमधली हत्यारे जमवण्याचा त्यांना छंद आहे. माझे अब्बा मेकॅनिक होते हे त्यांना कुठून तरी कळले होते. (कर्वेनगरमध्ये घर मिळायला मला किती वेळ लागला हा वेगळ्या लेखाचा विषय. पण एकदा घर मिळाल्यावर शेजार चांगला मिळाला, हेही खरे.)

दिवाणखान्याची एक अख्खी भिंत हत्यारांनी भरलेली. फिक्स पाने, रिंग पाने, पकडी, कानशी, किंग डिकचा एक स्क्रू पाना, दोन लाकडी पेट्या, एक पत्र्याची. वरून पिवळे दिवे. प्रत्येक वस्तूखाली सुबक अक्षरात चिठ्ठी: बर्मिंगहॅम, शेफिल्ड, रेमशाइड. मी एक पाना हातात घेतला. बफ मारून आरशासारखा केलेला. दांड्यावरून अंगठा फिरवताना एका जागी बारीक खळगा लागला.

"इथे काय होतं काका?"

"काही नाही हो, कुणीतरी पंचने ठिपके मारले होते. तीन की चार. घासून काढले. त्याने किंमत पडते."

काका भला माणूस. चहाबरोबर चकली आग्रहाने खाऊ घातली. पण ते वाक्य महिनाभर माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख.

ते ठिपके 'कुणीतरी' मारलेले नव्हते. नाना पेठेतल्या गल्लीत एका शेडमध्ये तीन-तीन उस्ताद काम करायचे. पाने एकमेकांत मिसळायचे. मग प्रत्येकाची खूण ठरलेली. कुणाचे तीन ठिपके, कुणाची कानशीने मारलेली आडवी खाच, कुणी नावाचे पहिले अक्षर उर्दूत कोरलेले. अब्बांची खूण दोन ठिपके आणि मध्ये एक रेघ. शागीर्दाला वाचता येत नसले तरी ही लिपी वाचता यायची. संध्याकाळी पेटी भरताना चुकून दुसऱ्याचा पाना आला तर उस्ताद हातावर फटका द्यायचे, कारण दुसऱ्याचे हत्यार पेटीत ठेवणे म्हणजे चोरी. ते ठिपके म्हणजे त्या माणसाची सही होती. काकांनी सही घासली आणि कारखान्याचे नाव ठेवले.

आता कुणी म्हणेल, छंद आहे बिचाऱ्यांचा, त्यात एवढे काय चिडायचे? मला या छंदाचा राग नाही, उलट आदर आहे. जुने हत्यार कोणत्या काळातले हे ओळखणे ही खरी विद्या आहे आणि ती आपल्या मुलांनी शिकावी असे मला वाटते. थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट मापाची. 1841 मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरने आट्यांचे प्रमाण ठरवले, आट्यांचा कोन 55 अंश. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. म्हणून '1/4 डब्ल्यू' असे लिहिलेल्या पान्याचे तोंड मोजले तर अर्ध्या इंचाहून मोठे भरते. नवखा माणूस इथेच फसतो. पुढे इंग्रजी गाड्यांत 'एएफ' मापे आली, म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर इंचात. आणि मग मिलिमीटर. भारतात वजन-मापांचा कायदा 1956 चा, मेट्रिक मापे लागू व्हायला सुरुवात झाली 1 ऑक्टोबर 1958 पासून. पण कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट आणि आकुर्डीची स्कूटर मुळात इटलीच्या घराण्यातली, ती मिलिमीटरच बोलायची. म्हणून ज्या पेटीत व्हिटवर्थचे पाने तळाशी आणि दहा-अकरा, बारा-तेरा वर असतात, त्या पेटीचा धनी बुलेटवरून स्कूटरवर आला असे समजावे. पेटी पाहून माणसाचे अर्धे आयुष्य सांगता येते.

दुसरी गोष्ट देशाच्या नावाची. काकांच्या भिंतीवर एका पान्याखाली लिहिले होते, 'दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा'. पान्यावर ठसा होता 'वेस्ट जर्मनी'. वेस्ट जर्मनी हा देश जन्मला 1949 मध्ये आणि 1990 मध्ये संपला. त्याच्या आधी किंवा नंतर तो ठसा पडण्याचे कारण नाही. मी हे सांगितल्यावर काकांनी हसत चिठ्ठी बदलली. तो पाना गेडोरचा होता. गेडोर हे नावच मुळी रेमशाइडच्या डोविडाट बंधूंच्या नावाची आणि गावाची पहिली अक्षरे जोडून झाले आहे. कंपनी 1919 ची.

तिसरी गोष्ट, काही खुणा 'याच्या आधी नाही' एवढेच सांगतात. पेटंट क्रमांक तसा. पेटंट 1892 चे असले तरी पाना 1950 चा असू शकतो. चार पाकळ्यांचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर 1930 च्या दशकाआधीचा असूच शकत नाही, कारण तो स्क्रूच तेव्हा आला. सरकारी मालाची रुंद बाणाची खूण आणि शेजारी साल असेल तर हत्यार स्वतःच आपली जन्मतारीख सांगते. पेट्यांचेही तसेच. पत्रा रिव्हेटने जोडला आहे की स्पॉट वेल्डिंगने, रंगाचे थर किती, कडी-कोयंडा कुठल्या जातीचा, हे बघायचे.

एवढी सगळी विद्या. आणि ती कुठे येऊन थांबते? कारखान्याच्या दारात. पाना बर्मिंगहॅमच्या भट्टीतून ज्या दिवशी बाहेर पडला ती त्याची जन्मतारीख, मान्य. पण पुढची पन्नास-साठ वर्षे तो पाना काय करत होता? ज्या माणसाने त्या पान्याने हजारो नट सोडवले, पोरांच्या शाळेची फी भरली, मुलीचे लग्न केले, त्याच्यासाठी चिठ्ठीवर एक ओळही नाही. वस्तूचा जन्म विलायतेत आणि उरलेले आयुष्य रिकामे, असे कसे?

काकांच्या कोपऱ्यात एक टोपली होती, 'खराब झालेल्या' हत्यारांची. त्यात एक चौदा-पंधराचा पाना पाहिला, तापवून मानेत वाकवलेला आणि एका बाजूने ग्राइंडरवर घासून पातळ केलेला. काका म्हणाले, "कुणीतरी वाट लावली." मी म्हणालो, "काका, हा पाना वाकवल्याशिवाय आतल्या नटापर्यंत पोचतच नाही. कंपनीला जे सुचलं नाही ते या माणसाला सुचलं." ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून केलेला पुलर, बेअरिंगच्या कड्यातून केलेले ड्रिफ्ट, जुन्या कानशीची छिन्नी... या वस्तूंवर कुठल्याच कंपनीचा ठसा नसतो, म्हणून संग्रहात त्यांची जागा टोपलीत. माझ्या मते त्या भिंतीवर सर्वांत वर टांगायला हव्यात. पुण्यात जन्मलेली हत्यारे खरी तीच.

इथपर्यंत माझे मुस्लिम वाचक माना डोलावत असतील. आता तुमच्याशी बोलतो. खरे तर स्वतःशीच.

काकांनी मला एक प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. "मी घेतली नसती तर ही सगळी हत्यारं जालन्याच्या भट्टीत गेली असती. तुमच्या वडिलांची पेटी कुठे आहे?"

अब्बांची पेटी आम्ही भंगारात घातली. गॅरेज बंद झाले, जागा सोडायची होती. मी नोकरीत नवा, भाऊ परीक्षेत. भंगारवाला दारात आला, तराजू लावला, पेटीसकट सगळे वजनावर गेले. झाकणाच्या आत पांढऱ्या रंगाने 786 लिहिलेले होते, त्याखाली गिऱ्हाइकांचे फोन नंबर, एका कोपऱ्यात अजमेरच्या दर्ग्याचे चित्र. अब्बा ओट्यावर बसून होते. एक शब्द बोलले नाहीत. फक्त उठून पेटीतला एक दहा-अकराचा पाना काढून घेतला आणि खिशात ठेवला. आम्ही हसलो होतो. ती सळई आज कुठल्या तरी इमारतीच्या स्लॅबमध्ये असेल.

आम्ही का विकली? पैशासाठी नाही. त्या पैशात आठवड्याची भाजी आली असती. आम्हाला ती पेटी घरात नको होती. शिकलेल्या मुलांच्या घरात ग्रीसचा वास नको होता. आपल्या समाजात ही लाज खोल गेली आहे. बैठकीच्या खोलीत तलवारीचे चित्र चालते, ताजमहालाची प्रतिकृती चालते, बापाचा पाना चालत नाही. बादशहांच्या नावाने टीव्हीवर भांडण लागले की आपण हिरिरीने उतरतो, जणू प्रत्येकाच्या घरी शाही फर्मान पडले आहे. माझ्या खानदानात एकही बादशहा नव्हता. तुमच्याही नसावा. आपले पूर्वज कोण होते ते आडनावेच सांगतात: पिंजारी, तांबोळी, अत्तार, बागवान, मोमीन. शिकलगार हा शब्द पाहा. अरबीत 'सैकल' म्हणजे जिल्हई, धार. हत्यारांना धार आणि चकाकी देणारा तो शिकलगार. म्हणजे तलवारीशीही आपल्यातल्या बहुतेकांचा संबंध असलाच तर तिला धार लावण्यापुरता.

मला यात काहीही कमीपणा वाटत नाही. कुरआनात एका सूरहचे नावच 'अल-हदीद', म्हणजे लोखंड. दाऊद अलैहिस्सलाम बादशहा होते आणि पैगंबरही, पण चिलखते बनवण्याची कला त्यांना शिकवली गेली असे कुरआन सांगते. जुम्म्याच्या बयानात हे ऐकायचे आणि घरी येऊन बापाची ऐरण भंगारात काढायची, ही कुठली दीनदारी?

आणि हो, 'पंक्चरवाले' म्हणून जे हिणवतात, त्यांनाही एक सांगायचे आहे. 1888 मध्ये बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचे दुकान काढले. तिथून किर्लोस्करवाडी उभी राहिली, पुढे किर्लोस्करांची इंजिने झाली. महाराष्ट्राने त्यांना उद्योजक म्हटले, आणि योग्यच केले. मग सायकलच्या दुकानात बसलेला रहीम तुम्हाला विनोद का वाटतो? दोघांच्या हातातला पाना एकच आहे. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की मुसलमान कामगारांत स्वतःचा धंदा करून पोट भरणाऱ्यांचे प्रमाण इतरांहून जास्त आहे. नोकरी मिळाली नाही म्हणून हातात पाना घेतला, तर त्यावरूनही टोमणा. पण टोमण्याला उत्तर पाना लपवून देता येणार नाही. तो मांडूनच देता येईल.

पुण्याला हे सांगायला नको खरे तर. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलुपे, स्वयंपाकघरातली भांडी अशा वस्तू गावोगाव हिंडून जमवल्या. आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात लोक तिकीट काढून अडकित्ते बघतात. घरातल्या बाईच्या हातातली वस्तू इतिहास आहे हे पुण्याने मान्य केले. मग आकुर्डीच्या स्कूटरी ज्यांच्या हातांवर वर्षानुवर्षे चालल्या, त्या हातांतल्या वस्तू कुठल्या दालनात आहेत? आमच्या कर्वेनगरमध्येच 1991 पासून मुलींचे इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथल्या मुलींनी एक वर्ष नाना पेठ, बोहरी आळी आणि जुन्या बाजारात हिंडून म्हाताऱ्या उस्तादांच्या पेट्यांची नोंद केली, तर तो प्रकल्प पुस्तकी प्रकल्पांहून नक्कीच भारी होईल.

जमवणाऱ्यांना माझ्या तीन विनंत्या. गंज काढा, जरूर काढा, पण केरोसीन आणि पितळी ब्रशने. बफ आणि ग्राइंडर लावू नका. गंज हा इतिहास नाही, पण ठिपके आहेत. दुसरे, वस्तू घेताना विकणाऱ्याला विचारा: कुणाची, कुठल्या गॅरेजची, कुठल्या गाड्यांवर चालली. चिठ्ठीवर ते लिहा. तिसरे, जी वस्तू तुम्ही पुढे नगावर विकणार, ती गरिबाकडून किलोवर घेऊ नका.

आणि आपल्या लोकांना एकच. अब्बा, चच्चा, मामू, जे कुणी हयात आहेत, त्यांच्याजवळ एक संध्याकाळ वही घेऊन बसा. पेटी उघडा. एकेक वस्तू हातात द्या आणि फक्त ऐका. मग विकायची तर विका.

जुना बाजार दर बुधवारी आणि रविवारी भरतो, शाहीर अमर शेख चौकाजवळ. बार्शीच्या या मुसलमान शाहिराने संयुक्त महाराष्ट्रासाठी रान उठवले होते. गेल्या रविवारी मी काकांना घेऊन तिथे गेलो. एका चादरीवर रिंग पान्यांचा ढीग होता. काकांनी एक उचलला, भिंग लावले, आणि कंपनीचा ठसा वाचण्याआधी दांडा उलटा करून मला दाखवला.

"बघा हो, इथे खाच आहे. कुणाची असेल?"

विकणाऱ्या म्हाताऱ्याने मान वर केली. "माझ्या उस्तादांची," तो म्हणाला. काकांनी खिशातून वही काढली.

अब्बांचा तो दहा-अकराचा पाना माझ्या टेबलावर आहे. कंपनीचा ठसा झिजून गेला आहे, जन्मसाल आता कुणालाच सांगता येणार नाही. दोन ठिपके आणि मधली रेघ मात्र स्पष्ट दिसते.