वाटणीचा कागद कोठे आहे?

पाऊस लांबला, मोंढ्यात सोयाबीनचा भाव पडला अथवा एखादी निवडणूक जवळ आली, की आमच्या जळकोटच्या बाजारात एक बोलणे हटकून निघते. महाराष्ट्रात राहून आपले काय भले झाले? मराठवाडा निराळा करा, असे एक म्हणतो. दुसरा म्हणतो, निराळे राज्य कशाला, धर्माबादेकडच्या काही गावांनी मागणी केली तशी आपणही तेलंगणात जाण्याची करू. तिसरा मात्र गप्प असतो. हा तिसरा एक लोहार आहे. भाता अजून त्याच्याच घरचा, जमीन दीड एकर. तो गप्प का, हे आम्ही त्यास विचारले. तो म्हणाला, "अण्णा, राज्य बदललं तर माझ्या कागदाचं काय व्हईल?"

हा प्रश्न आम्हास व्यासपीठावरच्या पुष्कळ व्याख्यानांहून मोठा वाटला. म्हणून आज त्याचाच विचार करू.

वाचकहो, एक राज्य सोडून दुसऱ्यात जाणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ती केलेली आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तीन तालुके बीदर जिल्ह्यात होते आणि बीदर जिल्हा हैद्राबाद राज्यात होता. त्या दिवशी हैद्राबादचे तीन तुकडे झाले. हे तीन तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूरकडे गेले. देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल, आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे नांदेडपासून तोडून आंध्रात घातली. भाऊबंदकीत शेताच्या मधोमध बांध पडावा तसा हा बांध पडला. ज्याची लेक भालकीला दिली होती, तो आपल्या लेकीस परराज्यात जाऊन भेटू लागला. पुढे १९८२ साली लातूर जिल्हा झाला व १९९९ साली जळकोट तालुका झाला. पण त्या वाटण्या घरातल्या घरात होत्या.

हैद्राबाद सोडावयास नको होते, असे मात्र आमचे म्हणणे नाही. ज्या कचेरीत कास्तकाराचा अर्ज त्याच्या भाषेत कोणी वाचीत नव्हते, ती कचेरी सोडण्यात कसला शोक? फाजलअली आयोगाने १९५५ साली हैद्राबाद मोडण्याची शिफारस केली. स्वामी रामानंद तीर्थांचाही आग्रह तोच होता. मराठी मुलूख मराठीत यावा हे योग्यच झाले. आमची तक्रार निराळी आहे. घर सोडताना वाटणीचा कागद नीट केला काय, आणि त्या कागदावर कोणाच्या काळज्या लिहिल्या गेल्या, हे आम्ही विचारतो.

त्या वेळी भीती सर्वांनाच होती, पण प्रत्येकाची भीती त्याच्या धंद्याप्रमाणे होती. शिकलेल्यांची भीती नोकरीची. हैद्राबादेत मुलकी नियम होते. सरकारी जागा मुलखातल्या माणसाला, असा त्यांचा अर्थ. ह्याच मुलकीसाठी १९५२ साली हैद्राबाद शहरात दंगे होऊन माणसे मेली. मुंबई-पुण्याची मंडळी येऊन आपल्या खुर्च्या घेतील, ही धास्ती मराठवाड्यातील पांढरपेशांना होती, आणि ती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. पण ही भीती बोलकी होती. तिला लिहिता येत होते. म्हणून २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात नोकऱ्यांचे प्रमाण आले, शिक्षणातील जागांचे प्रमाण आले, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे खास लक्ष देण्याचे वचनही आले. १९५८ साली विद्यापीठ आले.

कास्तकाराची भीती मुकी होती. पैशाची भीती त्यास फारशी उरली नव्हती, कारण हाली सिक्का आधीच उठला होता. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब करता करता ज्यांनी सावकाराकडून मार खाल्ला होता, त्यांनी त्याबद्दल देवाचे आभारच मानले असतील. कुळाची भीती खरी मोठी. हैद्राबादने १९५० साली कुळकायदा केला, संरक्षित कूळ म्हणून नावे लिहिली. आता मुंबईचा कायदा येईल आणि आपले नाव पुसले जाईल काय? तसे झाले नाही. राज्यपुनर्रचनेच्या कायद्यातच तरतूद होती की, ज्या मुलखात जो कायदा चालू आहे तो बदलेपर्यंत तसाच चालेल. तो हैद्राबादचा कायदा आमच्याबरोबर चालत आला आणि मराठवाड्यापुरता राहिला. नाव पुसले गेले ते दुसऱ्या वाटेने. पुष्कळ कुळांकडून "राजीखुशीने जमीन सोडली" असे लिहून घेतले गेले. अंगठा कुळाचा, अक्षर दुसऱ्याचे!

कोर्टाची गोष्ट तर सांगण्यासारखी आहे. हैद्राबाद आम्हास जवळ. उदगीरला गाडीत बसले की विकाराबादेवरून सरळ हैद्राबादेस उतरता येते. रूळ आजही त्याच दिशेने गेलेले आहेत. वाटणी झाली आणि वरचे कोर्ट मुंबईला गेले. औरंगाबादचे खंडपीठ १९८१ साली सुरू झाले. म्हणजे मधली पंचवीस वर्षे दोन एकरांच्या दाव्यासाठी मुंबई गाठावी लागत होती. ज्याला ते झेपत नव्हते तो खालच्या कोर्टातच हरला, आणि त्याची मोजदाद कोणी केली नाही.

आता जे कोणी विचारलेच नाही ते सांगतो. पाणी आणि दप्तर.

गोदावरीवर धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा आहे. त्याच्या खाली तेलंगणात श्रीरामसागर. दोन्ही काठ पूर्वी एकाच राज्यात होते. वाटणीत माणसे मोजली, मंडळे मोजली. नदीचा हिशेब पुढे ढकलला. तो हिशेब अखेर २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर बाभळीची दारे वर ठेवावयाची, नंतर खाली करावयाची, आणि १ मार्चला खाली ०.६ टीएमसी पाणी सोडावयाचे. पुराचे पाणी डोळ्यांदेखत वाहून जाते, तेव्हा काठावरच्या कास्तकाराला दार लावण्याची मुभा नाही. आम्ही कोर्टाला दोष देत नाही. वाटणीच्या वेळी जे बोलले गेले नाही, ते कोर्टास बोलावे लागले.

दप्तराची गोष्ट तर आजच्या घरोघरची आहे. २०२३ सालापासून न्यायमूर्ती शिंदे समितीने निजामकाळची कागदपत्रे धुंडाळली, त्यासाठी हैद्राबादेच्या दफ्तरखान्यापर्यंत जावे लागले. २ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारने हैद्राबाद गॅझेटचा आधार मान्य करून निर्णय काढला. मराठा-कुणब्यांच्या त्या वादात खरे-खोटे ठरविण्याची ही जागा नाही. बारा बलुत्यांच्या घरांना त्याची जी काळजी लागली आहे, तिच्यावर आम्ही निराळे लिहू. येथे एवढेच पाहा की, राज्य सोडून सत्तर वर्षे होत आली आणि आपण कोण, हे ठरविण्यास आपल्याला सोडलेल्याच घराच्या पेटीकडे जावे लागले. बंजारा बांधवांचे तर याहून विलक्षण. एकाच गोत्राचे लोक तेलंगणात १९७६ च्या कायद्यापासून अनुसूचित जमाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, आणि आमच्या जळकोटच्या तांड्यावर विमुक्त जाती! सोयरीक एक, बोली एक, आणि दाखले तीन. राज्यागणिक याद्या निरनिराळ्या लिहिल्या गेल्या, तेव्हा तांड्याच्या नायकाला कोणी विचारावयास गेले होते काय?

हे आमच्याच नशिबी आले असे नाही. विलायतेत २३ जून २०१६ रोजी लोकांनी मते देऊन युरोपच्या संघातून बाहेर पडण्याचे ठरविले. शेकडा ५२ एका बाजूस, ४८ दुसऱ्या बाजूस. निघावयाचे की नाही एवढाच प्रश्न मतपत्रिकेवर होता. कसे निघावयाचे ते नव्हते. मग आयर्लंडच्या बांधावर नाके बसवावयाचे की नाही, ह्यावर वर्षानुवर्षे भांडण चालले. युरोपकडून एकरी मदत मिळत होती ती उद्या कोण देणार, ही तिकडच्या मेंढपाळाची व शेतकऱ्याची चिंता होती. आणि इंग्लंडात ती जुनी मदत पुढे टप्प्याटप्प्याने कमी होत गेली. साहेबाच्या देशातही कास्तकाराचा कागद शेवटीच वाचला जातो.

आता तेलंगणात जाऊ म्हणणाऱ्यांस दोन शब्द. २०१८ साली तिकडे रयतु बंधू योजना निघाली, एकरी ४,००० रुपये हंगामाला, पुढे ५,००० झाले. शेतीस चोवीस तास मोफत वीज. नदीच्या अलीकडून हे पाहणाऱ्याचे मन चाळवले तर नवल नाही, आणि त्या गावांस हसणाऱ्यांत आम्ही नाही. पण ते पैसे पट्टेदाराला होते. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाला त्यातून दमडी नव्हती. सरकार बदलले तसे योजनेचे नाव बदलले, रक्कमही बदलली. योजना सरकारची असते, सीमा मात्र पिढ्यांची.

निराळा मराठवाडा म्हणणाऱ्यांसही विचारावे लागेल. २०१६ च्या मार्चमध्ये तेव्हाचे महाधिवक्ता श्रीहरी अणे तसे बोलले व त्यांस पद सोडावे लागले. बोलू देऊ नये, असे आम्हास वाटत नाही. उलट सविस्तर बोलावे. मुंबईच्या करावाचून तिजोरी कशी भरेल? कृष्णेच्या पाण्यातला वाटा राहील काय? नागपूर कराराचे काय झाले ते डोळ्यांपुढे आहे. दांडेकर समितीने १९८४ साली मराठवाड्याचा अनुशेष सुमारे ७५१ कोटी काढला. घटनेच्या ३७१ व्या कलमात विकास मंडळाची सोय १९५६ पासून, मंडळ आले १९९४ साली, आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदत संपली तेव्हा जळकोटच्या बाजारात त्यावर चार माणसे बोलल्याचे आम्हास आठवत नाही. एवढी वर्षे जे महाराष्ट्राकडून वसूल करता आले नाही, ते नव्या राज्याच्या नव्या मंत्र्याकडून कोणत्या दोरीने वसूल करणार?

तेव्हा जो कोणी गावात येऊन राहा म्हणेल वा निघा म्हणेल, त्यास ग्रामसभेत उभे करून विचारावे: फेरफार व खासरा पत्रक कोणत्या कचेरीत राहील, जातीचा दाखला कोणत्या यादीने मिळेल, तिरू-मन्याडचे पाणी कोणाच्या हिशेबात धरले, पीककर्जाची बाकी कोणत्या बँकेच्या वहीत जाईल. उत्तर तोंडी घेऊ नये.

त्या लोहारास आम्ही हेच सांगितले, आणि घरी काही जुना कागद आहे काय म्हणून विचारले. लोखंडी पेटीच्या तळाशी आजोबाचा एक उर्दू कागद आहे म्हणाला, काय लिहिले आहे ते ठाऊक नाही. उदगीर-जळकोटात उर्दू वाचणाऱ्यांची वाण नाही. पुढच्या बाजारी घेऊन येतो म्हणाला आहे.