हेडफोन लावून ‘आमच्या बापा’

२०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत सुपर बोलच्या मॅचदरम्यान एका प्रार्थनेच्या अ‍ॅपची जाहिरात लागली. त्यात मार्क वॉलबर्ग हा नट होता. अ‍ॅपचं नाव हॅलो. फोन उचलल्यावरचं हॅलो नव्हे, ‘पवित्र मानणे’ या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द. इंग्रजीतल्या प्रभूच्या प्रार्थनेत तो अगदी सुरुवातीला येतो. त्याच आठवड्यात उपवासकाळ सुरू झाला आणि हे अ‍ॅप अ‍ॅपलच्या अमेरिकेतल्या अ‍ॅप स्टोअरवर पहिल्या नंबरला गेलं. सगळ्या अ‍ॅप्समध्ये पहिलं!

अ‍ॅप वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. लोक प्रार्थना करतायत, चांगलं आहे. माझं भांडण त्यामागच्या एका समजुतीशी आहे. माझ्या वयाच्या, माझ्या धर्मग्रामातल्या आणि माझ्या ऑफिसातल्या ख्रिस्ती पोरापोरींमध्ये ती इतकी मुरली आहे की तिला कुणी प्रश्नही विचारत नाही. समजूत अशी: ध्यानप्रार्थना ही एकट्याची गोष्ट. चर्च म्हणजे गर्दी, करकरणारा माइक, ‘लग्नाचं काय ठरलं’ विचारणाऱ्या काकू. खरी प्रार्थना म्हणजे मी, माझा श्वास, माझे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन आणि देव.

ही समजूत चुकीची आहे. ख्रिस्ती परंपरेच्या हिशोबात तर ती जवळजवळ उलटी आहे.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. ध्यानप्रार्थना म्हणजे देवाकडे काही न मागता त्याच्यासमोर गप्प बसणं. एखादा छोटा शब्द धरायचा, मन भरकटलं की त्या शब्दाकडे परत यायचं. नामस्मरण किंवा विपश्यना माहीत असलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. ख्रिस्ती माणूस वर एवढंच मानतो की समोर कुणीतरी आहे, आणि तेही आपल्याकडे बघतंय.

आता एकांतवाल्यांचा हुकमी एक्का. ‘येशूनेच सांगितलंय, आपल्या खोलीत जा, दार लाव आणि प्रार्थना कर.’ बरोबर, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात ते आहे. पण ते कुणाला उद्देशून आहे हेही तिथेच आहे: चव्हाट्यावर उभं राहून, लोकांनी बघावं म्हणून प्रार्थना करणाऱ्यांना. आजच्या भाषेत, जपमाळेचा फोटो स्टोरीला टाकणाऱ्यांना. आणि तिथून फक्त तीन वचनं खाली या. दार लावून बसलेल्या त्या माणसाला येशू जी प्रार्थना शिकवतो, तिचा पहिला शब्द मराठीत ‘हे’ आहे आणि दुसरा ‘आमच्या’. बंद खोलीत एकटा बसलेला माणूस म्हणतोय ‘आमच्या’. पुढे भाकर मागायची तीही ‘आम्हांला’ आणि क्षमा मागायची तीही ‘आम्हांला’. अख्ख्या प्रार्थनेत ‘मी’ एकदाही येत नाही.

इथे मराठी इंग्रजीपेक्षा जास्त सांगते. इंग्रजीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोन्हींसाठी एकच शब्द. आपल्याकडे ‘आपण’मध्ये ऐकणारा धरलेला असतो, ‘आम्ही’मध्ये तो बाजूला असतो. म्हणजे ‘आमच्या बापा’ म्हणताना त्या ‘आम्ही’त देव मोजलेलाच नाही. मग आहे कोण? मी, आणि देव सोडून उरलेले सगळे. शेजारच्या काकूसुद्धा. हेडफोन लावलेत म्हणून त्या यादीतून गळत नाहीत.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे अ‍ॅप आतून कसं विचार करतं हे मला थोडं कळतं. आमच्याकडे सगळ्यात आधी युजरचं टेबल बनतं. एक माणूस, एक आयडी, एक रो. मग त्याची स्ट्रीक, त्याचा स्ट्रेस, त्याची झोप. ग्रुप, मित्र, कुटुंब ही टेबलं नंतर येतात, प्रॉडक्टवाल्यांच्या मीटिंगमध्ये कुणीतरी ‘कम्युनिटी फीचर हवं’ म्हणालं की. आणि ते का हवं? तर ग्रुपमधली माणसं अ‍ॅप लवकर सोडत नाहीत. प्रार्थनेचा स्कीमा याच्या बरोबर उलटा आहे. तिथे आधी समूह असतो आणि ‘मी’ त्यातून तयार होतो. मी बाप्तिस्मा स्वतःला दिलेला नाही. क्रूसाची खूण कशी करायची हे कुणीतरी माझा हात धरून शिकवलं. ज्या शब्दांत मी देवाशी बोलतो ते शब्दही माझे नाहीत.

‘पण वाळवंटातले तपस्वी?’ हा पुढचा प्रश्न. तेही बघू. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात माणसं एकटी राहायला गेली हे खरंच आहे. सगळी ख्रिस्ती ध्यानपरंपरा त्यांच्याकडे बोट दाखवते. पण नित्रिया आणि स्केतिसचे हे एकांतवासी आठवडाभर आपापल्या झोपडीत राहायचे आणि शनिवार-रविवारी प्रार्थनेसाठी एकत्र जमायचे. शिवाय प्रत्येकाचा कुणीतरी वडीलधारा असायचा, ज्याच्यासमोर मनातला कचरा उघडा करायचा. पुढे सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठासाठी नियम लिहिला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात तो सांगतो की एकांतात जाणारा हा नवशिक्या उत्साहात निघालेला माणूस नसावा. त्याने मठात, भावंडांच्या मदतीने, दीर्घकाळ कसोटी दिलेली असावी. म्हणजे एकांत ही शेवटची इयत्ता. आम्ही बालवाडीतच तिचा फॉर्म भरतोय, तोही पहिला आठवडा फ्री म्हणून.

माझ्या मते या विषयातली सगळ्यात बोलकी गोष्ट जॉन मेन यांची आहे, आणि तिची सुरुवात एका हिंदू स्वामींपासून होते. लंडनमध्ये १९२६ साली जन्मलेला हा माणूस पन्नाशीच्या दशकात ब्रिटिश नोकरीत मलायात होता. कामानिमित्त तो स्वामी सत्यानंद यांना भेटायला गेला. ते क्वालालंपूरजवळ आश्रम आणि शाळा चालवत. त्यांच्याकडून तो मंत्र धरून ध्यान करायला शिकला, ख्रिस्तीच शब्द घेऊन. पुढे तो बेनेडिक्टी साधू झाला, तेव्हा नवशिक्यांच्या गुरूने सांगितलं की ही पद्धत ख्रिस्ती नाही, सोड. त्याने सोडली. बऱ्याच वर्षांनी त्याने जॉन कॅसियन वाचला. हा त्याच वाळवंटातल्या तपस्व्यांकडे राहून आलेला, पाचव्या शतकात लिहिणारा माणूस. एकच छोटं वचन धरून पुन्हापुन्हा म्हणत राहा, असं कॅसियनने लिहून ठेवलेलं होतं. स्वामींनी दिलेली गोष्ट मेनच्या स्वतःच्या घरातल्या माळ्यावरच पडलेली होती!

आता बघा, एवढं हाती लागल्यावर त्याने काय केलं. १९७५ मध्ये लंडनच्या ईलिंग मठात त्याने गट सुरू केले. सामान्य माणसांचे गट: आठवड्यातून एकदा जमायचं, थोडं ऐकायचं, गप्प बसायचं, घरी जायचं. १९८२ मध्ये तो वारला, पण असे गट आज कितीतरी देशांत बसतात. ध्यान एकट्याने शिकता येईल अशी सोपी पद्धत हातात असूनही त्याने माणसं जमवली. आपल्याकडे अँथनी डिमेलो यांचंही तेच. मुंबईत जन्मलेला हा जेझुइट आज इन्स्टाग्रामवर दोन ओळींचा सुविचार होऊन फिरतो, एकट्याने वाचायचा आणि लाइक करायचा. प्रत्यक्षात लोणावळ्याच्या साधना संस्थेत ते माणसांच्या गटांना एकत्र राहायला लावून शिकवत.

इतिहास बाजूला ठेवून आता मूळ मुद्द्यावर येतो. गप्प बसायला माणसं कशाला लागतात?

माझे वडील गेले तेव्हा वसईच्या घरी सात दिवस रोज संध्याकाळी वाडीतली माणसं जपमाळेला यायची. जपमाळ माहीत नसेल तर सांगतो: पाच रहस्यं, प्रत्येकाला दहा वेळा ‘नमो मरिया’. प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा, दुसरा अर्धा बाकीच्यांनी. रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स. अर्धं वाक्य तुमचं, अर्धं दुसऱ्याचं. त्या आठवड्यात माझ्या तोंडून माझं अर्धंही फुटत नव्हतं. मी भिंतीला टेकून बसायचो आणि ती पंचवीस-तीस माणसं माझ्या वाटणीचं म्हणून टाकायची. कुणी मला ‘म्हण’ म्हणालं नाही. फोनवर मात्र एका ध्यानाच्या अ‍ॅपचं नोटिफिकेशन नेमाने यायचं, स्ट्रीक तुटतेय म्हणून. त्याचा तरी काय दोष, त्याला तेवढंच येतं. मी आलो नाही हे त्याला लगेच कळलं. मी का आलो नाही हे विचारायला त्याच्याकडे तोंड नव्हतं, आणि माझ्याऐवजी म्हणायला आवाज नव्हता.

जपमाळेला ‘पाठांतर’ म्हणून हसणारे माझे मित्र आहेत. त्यांना ध्यान हवं, घोकंपट्टी नको. ओटीवर बसून जपमाळ म्हणणारी बाई काय करते हे त्यांनी कधी नीट बघितलेलं नाही. ओठ ठरलेले शब्द म्हणत असतात, बोटं मणी सरकवत असतात आणि मन एका प्रसंगावर स्थिर असतं: जन्म, क्रूस, रिकामी कबर. तोंडाला आणि हातांना काम देऊन मन मोकळं करायचं, हीच तर युक्ती. या बायकांनी ध्यानप्रार्थनेवरचं एकही पुस्तक वाचलेलं नाही. त्यांना गटही शोधावा लागला नाही, वाडी होती.

वाडी आता तशी राहिलेली नाही, हे मला दिसतं. अर्धी पोरं पुण्याला आणि बंगळुरूला, काही कॅनडाला, उरलेली टॉवरमध्ये. म्हणूनच तर हे भांडण आत्ता करायला हवं. वाडीने जे फुकट दिलं ते आता मुद्दाम उभं करावं लागेल, आणि आम्ही त्याच्या जागी सबस्क्रिप्शन घेऊन मोकळे होतोय.

समूहाविरुद्धचा सगळ्यात जड मुद्दा मला टाळायचा नाही. समूह गुदमरवतो. कोण कुणाबरोबर फिरलं, कुणाच्या घरी लोक जपमाळेला गेले नाहीत, कमिटीवर नेहमी त्याच चार आडनावांची माणसं का, कुठली मुलगी शनिवारी उशिरा घरी आली, हे सगळं तिथेच चालतं. ज्या मैत्रिणी चर्चच्या आवारातून मान खाली घालून गेल्या आणि परत आल्या नाहीत, त्यांना ‘समूहात या’ म्हणायची माझी हिंमत नाही. हेडफोन त्यांच्यासाठी आसरा आहे, मला मान्य आहे.

पण अशा समूहात अडकलेली बाई काय करू शकते याचं एक उदाहरण आहे. स्पेनमधल्या आविला गावची तेरेजा सोळाव्या शतकात दीडशेवर बायकांच्या मठात राहत होती. तिथे पाहुणे होते, गप्पा होत्या, श्रीमंत घरातल्यांना वेगळी वागणूक होती. ध्यानप्रार्थनेच्या इतिहासातलं एवढं मोठं नाव, ती सहज एकटी निघून गेली असती. १५६२ मध्ये ती बाहेर पडली आणि तिने एक छोटा मठ काढला. मोजक्या बायका, सगळ्या सारख्या, रोज दोन तास मौन प्रार्थना, आणि त्याशिवाय रोज एकत्र बसून हसण्या-बोलण्याची ठरलेली वेळ. वाईट समूहावर तिचं औषध म्हणजे लहान समूह. आत्मचरित्रात तिने प्रार्थना करणाऱ्यांना बजावून सांगितलं आहे की हेच करणाऱ्या दुसऱ्या माणसांशी मैत्री धरा, विशेषतः सुरुवातीला. लोक काय म्हणतील याचा तिला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त धोका होता; तिच्या देशात इन्क्विझिशन होतं.

गटात गप्प बसून पाहिलंय त्यांना आणखी एक गोष्ट माहीत असते. एकट्याने बसलं की पाचव्या मिनिटाला उठता येतं. शेजारी माणूस बसलेला असेल तर उठवत नाही. सुरुवातीला ही निव्वळ लाज असते, काही हरकत नाही. पुण्यात आम्ही सहा-सात जण मंगळवारी रात्री एका फ्लॅटच्या हॉलमध्ये वीस मिनिटं बसतो. एकाचं पोट गुरगुरतं. एक हमखास झोपतो, आणि त्याच्या घोरण्याशी शांतपणे राहणं ही त्या वीस मिनिटांतली सगळ्यात अवघड साधना असते. हेडफोनने नेमकी हीच गोष्ट कॅन्सल केली असती. नंतर चहा होतो, आणि मागच्या मंगळवारी कोण आलं नव्हतं त्याला फोन जातो.

शेवटी आमच्या धर्मग्रामांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत, कारण पोरं अ‍ॅपकडे उगाच गेलेली नाहीत. आमच्या मिस्सात शांतता उरलेली नाही. ख्रिस्तशरीर स्वीकारल्यानंतरची दोन मिनिटं असतात, त्यातही कीबोर्ड वाजत राहतो आणि मग सूचना सुरू होतात: फेस्ताची वर्गणी, पार्किंग, हरवलेली छत्री. संध्याकाळच्या मिस्सानंतर अर्ध्या तासात दाराला कुलूप. साडेआठ-नऊला वसई रोडला लोकलमधून उतरणाऱ्या माणसाला गप्प बसायला एकच जागा उरते, ती म्हणजे त्याचा फोन.

त्यामुळे पॅरिश कौन्सिलकडे माझी एकच मागणी आहे. आठवड्यातून एक रात्र नऊ ते दहा चर्च उघडं ठेवा. माइक बंद, कीबोर्ड बंद, अर्ध्या ट्यूबलाइट बंद. भाषण नको, नियोजन नको, बॅनरवर कुणाचा फोटो नको. आमच्याकडे हे सुचवलं तेव्हा उत्तर आलं की रात्री दार उघडं ठेवलं तर चोऱ्या होतात, आत दोन माणसं तरी बसवावी लागतील.

बसवा ना. तेच तर मागतोय.