बाष्पीभवन कुणाच्या बापाचं?



धुळ्यात सातवीच्या वर्गावर विचारलं, बाष्पीभवन म्हणजे काय? पोरं गप्प. मग विचारलं, दोरीवरचं ओलं धुणं वाळतं कसं? वस्तीतला एक पोरगा ताडकन् उठला, "उनमा पानी उडी गयं, सर!"

विज्ञान त्याला येत होतं. येत नव्हता तो पुस्तकातला सोवळ्यातला शब्द. पेपरात मार्क मात्र शब्दालाच. मीही वर्षानुवर्षं असे मार्क कापलेत. कबूल करतो.

१९७४ ला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघालं. त्याच दशकात त्याची माणसं जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला आली, खेड्यांतल्या शाळांतून राबली. पुढं मुंबईत पालिकेच्या शाळांतल्या दलित पोरांत काम केलं. पोरांचं डोकं कमी नाही, पुस्तकाची भाषा आडवी येते, हे त्यांनी तेव्हाच मांडलं. ऐकलं कुणी?

२०२० ला शाळा बंद पडल्या. विज्ञान मोबाइलात शिरलं. ज्याच्या घरात मोबाइल नाही, त्याचा वर्गच उडी गया.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या तळ्याचं पाणी प्याले. त्या पाण्यात हायड्रोजन दोन, ऑक्सिजन एक. आधीही तेच, नंतरही तेच. विटाळ कुठल्याच परीक्षानळीत सापडत नाही. हा धडा आपणच शिकवायचा.

शहरात शिकलेल्यांनो, रविवारी दोन तास वस्तीत या. आधी पोराच्या बोलीत विचारा. मग पुस्तकातला शब्दही त्याच्या हातात द्या. तो सोडायचा नाही. तोही आपलाच आहे.