लिलावाच्या घरांचा दलाल कसा असावा?



गेल्या बाजाराच्या दिवशी आमची आक्का आणि तिचा धाकटा मुलगा घरी आले होते. पोरगा बी. ए. झालेला. घरची तीन एकर जिराईत जमीन. तालुक्याच्या गावी प्लॉट आणि घरांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करतो. चहा झाल्यावर त्याने पिशवीतून वर्तमानपत्राची कात्रणे काढून माझ्यापुढे पसरली. सगळ्या बँकांच्या जाहिराती.

"मामा, प्लॉटच्या धंद्यात आता गावोगाव दलाल झालेत. बँकेनं जप्त केलेली घरं, गाळे विकायचं काम धरावं म्हणतोय. सुरुवात कुठनं करू?"

मी तोंड उघडायच्या आत आक्का म्हणाली, "लोकाचं घर मोडतंय आणि तू त्येच्या दारात उभा राहून पैसा मिळवणार व्हय रं?"

पोरगा खाली बघू लागला. मला दोघांचेही प्रश्न खरे वाटले. पोराला रोजगार हवा आणि आईला पोराच्या पोटात पापाचा घास जायला नको. असा विचार करणारी मुले आज पुष्कळ घरांत आहेत, म्हणून आमचे बोलणे इथे मांडतो.

आधी कायदा समजून घेऊ. घर, दुकान किंवा कारखाना गहाण ठेवून घेतलेल्या कर्जाचा हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की बँक ते खाते बुडीत धरते. मग 2002 सालच्या सरफेसी कायद्याने तिला कोर्टात दावा न लावता वसुली करता येते. पहिली पायरी 60 दिवसांच्या मागणी नोटिशीची. कर्जदाराने त्या मुदतीत लेखी हरकत घेतली तर बँकेने 15 दिवसांत उत्तर द्यावे लागते. मुदत संपली की ताबा, आणि त्यानंतर विक्री. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी मे 2020 मध्ये तसा निर्णय दिला.

आपल्या वाचकांनी एक गोष्ट गाठीला बांधावी. शेतजमिनीवरच्या तारणाला सरफेसी कायदा लागत नाही. मात्र सातबाऱ्यावर नुसते शेती लिहिलेले असून भागत नाही. जमिनीचा प्रत्यक्ष वापर काय आहे, हेही न्यायालय बघते. सोसायटी किंवा सहकारी बँक शेतजमिनीवर वसुली आणते ती सहकार कायद्याखालच्या वसुली दाखल्याने, वेगळ्या वाटेने. शिवाय शेतजमीन घेणारा सर्वसाधारणपणे शेतकरी असावा लागतो. दोन वाटांची गल्लत करणारा दलाल गिऱ्हाईकालाही बुडवतो आणि स्वतःही बुडतो.

"मग हे काम मिळवायचं कसं?" भाच्याने विचारले.

मी म्हणालो, पहिले वर्ष कात्रणांची वही घाल. विक्रीची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत येते, त्यातले एक आपल्या भाषेतले असते. सरकारी बँकांच्या मालमत्ता जानेवारी 2025 पासून बँकनेट नावाच्या संकेतस्थळावरही दिसतात आणि लिलावाची बोलीही संगणकावरूनच लागते. सगळा जिल्हा धरू नकोस. एकच तालुका घे, पण त्यातली गल्ली न् गल्ली पाठ कर. कोणत्या घराला किती राखीव किंमत ठेवली, किती बोली आली, कोणते घर दोनदा लिलावाला येऊनही गेले नाही, हे वहीत उतरव. वर्षाने ती वहीच तुझे भांडवल होईल.

दुसरे, बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याची ओळख कर. विक्री त्याच्या सहीने होते आणि जाहिरातीत त्याचे नाव-पत्ता असतो. भेटायला जाताना "मला काम द्या" म्हणत जाऊ नकोस. मालमत्ता बघायचा दिवस जाहिरातीत दिलेला असतो, त्या दिवशी खरा गरजू गिऱ्हाईक घेऊन जा. दोनदा-तीनदा तू आणलेल्या माणसाने वेळेवर पैसे भरले की अधिकारी तुला ओळखू लागतो. नियमांत जाहीर लिलावाशिवाय निविदा, अशा मालमत्तांचा व्यवहार करणाऱ्यांकडून दरपत्रके आणि खासगी वाटाघाटीने विक्री, अशाही वाटा आहेत. माहितीच्या माणसाला तेव्हा विचारणा होते.

तिसरे, दलाली. बँक ती सहसा देत नाही. खरेदीदाराकडून घ्यायची, आणि ती बोलीच्या आधी कागदावर ठरवायची. नव्या गृहप्रकल्पांतली घरे विकायची असतील तर महारेराची नोंदणी लागते आणि 2023 सालापासून तिच्यासाठी प्रशिक्षण व परीक्षा आहे. जुन्या घरांच्या व्यवहाराला ती सक्ती नसली तरी अभ्यास होतो आणि माणसाला पत येते. वसुली एजंट हा मात्र निराळा धंदा, त्याचे प्रशिक्षण वेगळे. तू मध्यस्थ आहेस. थकबाकीदाराच्या दारात जाऊन दम देणे हे तुझे काम नव्हे.

आता गिऱ्हाईकाचे बघू. लिलावाचे घर स्वस्त असते, असे लोक धरून चालतात. पण बँक ते विकते "जसे आहे, जेथे आहे" या बोलीवर. म्हणजे पुढे खोट निघाली तर खरेदीदाराची. म्हणून दलालाने आधी चार गोष्टी पाहाव्यात.

एक, ताबा. जाहिरातीत प्रत्यक्ष ताबा लिहिला आहे की प्रतीकात्मक? प्रतीकात्मक म्हणजे दाराला नोटीस चिकटली आहे, पण आत माणसे राहतात. असे घर घेणाऱ्याला कुलपाची किल्ली कधी मिळेल याचा नेम नसतो.

दोन, कागद. गावठाणातले घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ, शहरात असेल तर मालमत्ता पत्रक, निबंधक कार्यालयातली सूची दोन आणि कर्जबोजांच्या केंद्रीय नोंदवहीतला शोध. त्याच घरावर दुसऱ्या बँकेचा बोजा किंवा भावांचा दावा निघाला तर आधीच कळलेले बरे.

तीन, मागली येणी. घरपट्टी, पाणीपट्टी, वीजबिल. लिलावात घेतलेल्या जागेची जुनी वीजथकबाकी नियमांप्रमाणे नव्या मालकाकडे मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली सांगितले आहे.

चार, पैशाची तयारी. बोली लागली की त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी, किमतीचा चौथा हिस्सा भरावा लागतो. आधी भरलेला बयाणा त्यात धरतात. उरलेली रक्कम विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. बँकेने लेखी मुदत वाढवली तर वेगळे, पण तीही तीन महिन्यांपलीकडे नाही. चुकले की भरलेले पैसे जप्त. बैल विकून किंवा उसाच्या बिलावर भरवसा ठेवून बोलीला उतरणाऱ्याला दलालाने हात धरून मागे ओढावे. त्यात आपली दलाली गेली तरी जाऊ द्यावी.

पैसे पुरे झाले की विक्री प्रमाणपत्र मिळते. त्यावर मुद्रांक शुल्क, दुय्यम निबंधकाकडची नोंदणी आणि शेवटी नावाची नोंद इथपर्यंत गिऱ्हाईकासोबत चालणारा दलाल दुसऱ्या कामासाठी पुन्हा बोलावला जातो.

एवढे ऐकून आक्का म्हणाली, "हे समदं घेणाऱ्याचं झालं. ज्याचं घर जातंय त्येचं काय?"

मी तिला हिशेब सांगितला. समजा, एका माणसाचे बँकेचे देणे 18 लाख आणि घराची राखीव किंमत 15 लाख. चार दलालांनी आपसांत संगनमत केले, गिऱ्हाईक येऊ दिले नाही आणि घर 15 लाखांतच गेले. त्या माणसाचे घर तर गेलेच, वर तीन लाखांचे कर्ज डोक्यावर राहिले, कारण कमी पडलेली रक्कम बँक त्याच्याकडून पुढेही वसूल करू शकते. आता समजा, एका प्रामाणिक मध्यस्थाने पाच खरे गिऱ्हाईक आणले आणि बोली 21 लाखांवर गेली. बँकेचे 18 लाख आणि वसुलीचा खर्च वजा जाऊन जे उरेल ते कायद्याने त्या घरमालकाला मिळते. त्या पैशात भाड्याची खोली होते, पोरांच्या शाळेची फी होते. "आक्का, घर त्याच्यामुळं मोडत नाही, ते आधीच मोडलेलं असतं. मोडलेल्या घराची दमडी न् दमडी मालकाच्या हिशेबात पडते की चोरांच्या खिशात जाते, एवढंच दलालाच्या हातात असतं."

आक्का काही बोलली नाही, पण तिने सुपारी कातरायला घेतली. राग उतरल्याची ती खूण.

मग मी कात्रणे चाळू लागलो, आणि एका कात्रणावर बोट थांबले. आक्काच्या शेजारच्या वाडीतल्या एका गवळ्याचे तालुक्याच्या गावातले घर. म्हशींसाठी त्याने त्या घरावर कर्ज काढले होते. भाच्याने ते विक्रीच्या गठ्ठ्यात ठेवले होते.

"नीट वाच," मी म्हणालो. "ही विक्रीची नोटीस नव्हे, ताब्याची आहे."

दोन्ही जाहिराती दिसायला सारख्या, पण फरक जमीन-अस्मानाचा. ताब्याच्या कारवाईवर कर्जदाराला 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. विक्रीची जाहिरात निघेपर्यंत खर्चासह सगळे देणे भरून घर सोडवून घेण्याचा त्याला हक्क आहे. कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीने ही हद्द ठरली. जाहिरात निघाली की तो हक्क सरतो. एकरकमी तडजोडीचा अर्ज करायचा तर तोही त्याआधी. काहीजण नोटीस उघडतच नाहीत, आढ्याला खोचून ठेवतात आणि जाहिरात निघाल्यावर धावाधाव करतात. वाचकहो, तुमच्या आढ्याला असा कागद खोचलेला असेल तर आज काढा आणि जाणत्याकडून वाचून घ्या.

"मग आता?" भाच्याने विचारले.

"आता सायकल काढ आणि त्या गवळ्याकडे जा. घर विकून देतो असं म्हणायला जाऊ नकोस. अजून किती दिवस उरलेत ते त्याला मोजून सांग. चार म्हशी विकून घर वाचत असेल तर तुझी दलाली बुडेल. बुडू दे. आणि घर जायचंच असेल, तर ते पडत्या भावानं जाऊ नये म्हणून तोच तुला बोलवील."

पोराने कात्रण वेगळे काढून खिशात घातले. आक्का उठली, आणि जाता जाता त्याला म्हणाली, "जेवून जा. आणि त्येच्या बायकोला सांग, मी उद्या येऊन जाते म्हणावं."